जखमी जवान गावी परतल्यावर: फाइल आणि मैदान एकाच महिन्यात कसं सुरू करायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, आणि पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लज भागात ज्या घरातला पोरगा सीमेवर पाय, हात किंवा कण्याची ताकद गमावून परत आलाय, त्या घरासाठी हे लिहितोय. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीचा. नियंत्रण रेषेवर सुरुंगात उजवा पाय गुडघ्याखाली गेला. आता खुर्चीवर बसून गोळा फेकतो आणि उरलेल्या वेळात आमच्या भागातल्या माजी सैनिकांच्या पेन्शनच्या फाइली बघतो.

गावी आल्यावर दोन प्रकारचे सल्ले मिळतात. वडीलधारी म्हणतात, आधी पेन्शनचं मार्गी लाव, खेळबिळ मग. दोस्त म्हणतात, आधी तब्येत सुधार, कागद कुठं पळून जातात? दोन्ही सल्ले प्रेमाचेच, पण दोन्हींनी नुकसान होतं. कागद महिनोन्‌महिने टेबलांवर फिरतात, आणि तेवढ्या काळात घरात बसलेल्या माणसाचे सांधे आखडतात, वजन वाढतं, दारू जवळ येते. उलट तब्येतीची वाट बघत बसलं तर अपिलाची मुदत निघून जाते. म्हणून माझं सांगणं एकच आहे, दोन्ही एकाच महिन्यात सुरू करा.

स्टंपची निगा

खेळाची तयारी गोळा हातात घेण्याआधी स्टंपपासून, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाच्या टोकापासून, सुरू होते. रोज रात्री कोमट पाणी, साधा साबण, मऊ पंच्यानं टिपून कोरडं करणं आणि छोटा आरसा खाली धरून मागची बाजू बघणं. नकली पाय काढल्यावर कातडीवर लाली असतेच. दहा-पंधरा मिनिटांत ती फिकी पडली तर काळजी नाही. तशीच राहिली, फोड आला किंवा ओल दिसली, तर त्या जागेवर भार येतोय असं समजा. त्या दिवशी पाय घालायचा नाही, कुबड्यांवर राहायचं.

सकाळी स्टंप थोडा फुगलेला असतो, दुपारपर्यंत तो उतरतो आणि सॉकेटमध्ये, म्हणजे नकली पायाच्या वरच्या खोबणीत, सैल होतो. म्हणून दोन-तीन जाडीचे मोजे पिशवीत ठेवा आणि दुपारी एक वाढवा. खानापूरकडच्या पावसात हे जास्तच सांभाळावं लागतं. रोपलावणीच्या दिवसांत घरची सगळी शेतात, आपणही बांधावर जातो. चिखलात नकली पाय रुततो, तो उपसताना सॉकेट फिरतं आणि सिलिकॉनच्या लायनरमध्ये, म्हणजे स्टंपवर चढवायच्या मऊ आवरणात, घाम साचतो. लायनर दोन असावेत. एक धुऊन सावलीत वाळत, एक पायात. चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नका, खराब होतो.

पाय गुडघ्याच्या वरून गेला असेल तर सकाळ-संध्याकाळ वीस-तीस मिनिटं पालथं झोपा. दिवसभर खुर्चीत बसून मांडी पुढच्या बाजूला आखडते, आणि एकदा आखडली की नकली पायावर सरळ उभं राहता येत नाही. कण्याला इजा असेल आणि चाकाची खुर्ची वापरत असाल तर हातांवर जोर देऊन बूड उचलायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, दर पंधरा-वीस मिनिटांनी. बूड बधिर असल्यानं जखम होताना कळत नाही. तिची पहिली खूण बहुतेक वेळा बायको किंवा आईच बघते, त्यामुळं काय बघायचं ते त्यांना शिकवून ठेवा.

पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून हेच काम करतंय, आणि कण्याच्या जखमींसाठी खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून. तिथं जाल तेव्हा पायाच्या मापाबरोबर एक गोष्ट आवर्जून सांगा: मला खेळायचंय. नागालँडचे होकाटो सेमा आसाम रेजिमेंटचे. २००२ मध्ये सुरुंगात पाय गेला, आणि गोळा हातात घेतला तो २०१६ मध्ये, या पुण्याच्या केंद्रातच एका अधिकाऱ्यानं त्यांची शरीरयष्टी बघून सुचवलं म्हणून. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १४.६५ मीटर फेकून त्यांनी कांस्य मिळवलं. मधल्या चौदा वर्षांचा विचार करा. कुणीतरी येऊन सुचवेल म्हणून आपण तेवढं थांबायचं नाही.

आणि आपल्याच बाजूचे मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या. आधी बॉक्सर होते, उपचार म्हणून पाण्यात उतरले. १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांत सुवर्ण, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. हे मी प्रत्येक नव्या पोराच्या वडलांना सांगतो, कारण ‘खेळून काय मिळणार’ हा प्रश्न पोरापेक्षा वडलांच्या तोंडी जास्त असतो.

फाइल

एक जाड फाइल घ्या आणि या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स करा: डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), मेडिकल बोर्डाचा कागद (एएफएमएसएफ-१६), इंज्युरी रिपोर्ट (आयएएफवाय-२००६), कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्करी चौकशी) झाली असेल तर तिचा निष्कर्ष, हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप, आणि तुम्हाला बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईतला जखमी, ठरवलं असेल तर त्याची सूचना. हा शेवटचा कागद सगळ्यात जास्त वेळा गहाळ असतो आणि सगळ्यात महत्त्वाचाही तोच. ड्युटीवरचा अपघात आणि शत्रूच्या कारवाईतली किंवा सुरुंगातली जखम यांचे वर्ग वेगळे आहेत. शत्रूच्या कारवाईच्या, म्हणजे ई वर्गात बसलात तर साध्या डिसेबिलिटी पेन्शनऐवजी वॉर इंज्युरी पेन्शन मिळते, आणि त्या दोन्हींच्या रकमेत मोठा फरक असतो. त्यामुळं पीपीओ हातात आल्यावर सही करून कपाटात ठेवू नका. जखमेचा वर्ग, टक्केवारी आणि ‘अ‍ॅट्रिब्यूटेबल’ (सेवेमुळं झालेली) की नाही, हे तिन्ही वाचा. इंग्रजी जमत नसेल तर गावातल्या कॉलेजच्या पोरीला सोबत बसवा.

जखम नसून आजार असेल आणि बोर्डानं तो सेवेमुळं नाही असं लिहिलं असेल, तरी हार मानू नका. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं धर्मवीर सिंग यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की भरती होताना माणूस धडधाकट नोंदवलेला असेल, तर नंतरचा आजार सेवेमुळं नाही हे दाखवायची जबाबदारी लष्कराची आहे, जवानाची नाही.

कागद हातात नसेल तर तो रेकॉर्ड ऑफिसकडं मागायचा. आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांचं रेकॉर्ड ऑफिस इथंच बेळगावात, कॅम्पात जाऊन चौकशी करता येते. पण आपल्या भागातली बरीच पोरं तोफखान्यात आहेत, त्यांचं रेकॉर्ड नाशिक रोडला. ईएमईवाल्यांचं, म्हणजे लष्कराच्या यंत्र-दुरुस्ती दलातल्यांचं, सिकंदराबादला. पत्राला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. ३० दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. माझा अनुभव असा की साधी विनंतीची पत्रं पडून राहतात, आणि माहिती अधिकाराचा अर्ज गेला की कपाट उघडतं.

आता आपल्या सीमाभागाचं खास दुखणं. नाव. शाळेच्या दाखल्यावर मराठीतून इंग्रजीत गेलेलं नाव एक, आधारवर कन्नडातून इंग्रजीत गेलेलं दुसरं, आणि भरतीच्या वेळी क्लार्कनं लिहिलेलं तिसरं. बायकोच्या नावाचं तर विचारूच नका, माहेरचं, सासरचं, आणि मध्येच कुणीतरी वडलांचं नाव आडनाव म्हणून घातलेलं. भरीला जिल्ह्याचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं, त्यामुळं जुन्या कागदांवर एक आणि नव्यांवर दुसरं. जिल्ह्याच्या नावावरून सहसा अडत नाही, पण माणसाच्या नावात एक अक्षर जरी वेगळं असलं तरी ‘स्पर्श’ या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत पेन्शन अडकू शकते. अजून सेवेत असाल तर आजच पार्ट टू ऑर्डर, म्हणजे तुमच्या घरच्यांची लष्करातली नोंद, तपासा. बायको, मुलं, जन्मतारखा, सगळं आधारशी जुळवा. निवृत्त असाल तर प्रतिज्ञापत्र करून रेकॉर्ड ऑफिसमधून दुरुस्ती करून घ्या. आज तुम्ही आहात, सही करू शकता. उद्या तुमच्या माघारी हेच काम बायकोला एकटीला करावं लागलं तर तिचे काय हाल होतात, ते मी आमच्या भागातल्या वीरपत्नींच्या फाइलींत बघितलंय. एका कार्यालयात एका बाईंना केवळ एका अक्षरासाठी तीन वेळा परत पाठवलं होतं. कडेवर पोर, हातात पिशवी, आणि काउंटरवरचा माणूस मान वर करून बघतही नव्हता. तेव्हापासून दुसऱ्याच्या फाइलला हात लावला की मी नावापासूनच सुरुवात करतो.

दावा नाकारला गेला तर आधी पहिलं अपील, मग दुसरं. प्रत्येकाला सहा महिन्यांची मुदत. तिथंही नकार आला तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, म्हणजे सैनिकांसाठीचं न्यायाधिकरण. इथं सीमा आडवी येते. कर्नाटकात राहणाऱ्याला कोचीचं खंडपीठ लागतं, महाराष्ट्रात राहणाऱ्याला मुंबईचं. म्हणजे एकाच पलटणीतले, एकाच दिवशी जखमी झालेले दोघे, एक बेळगाव तालुक्यातला आणि एक चंदगडचा, तर एकानं दक्षिणेला जायचं आणि दुसऱ्यानं उत्तरेला. वकील ठरवताना हे ध्यानात ठेवा. चंदगडच्या मित्राचा मुंबईचा वकील कितीही चांगला असला तरी तुमची केस तो तिथं सहज चालवू शकणार नाही.

याच महिन्यात यूडीआयडी कार्डाचाही, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्राचाही, अर्ज करा. ‘स्वावलंबन’ पोर्टलवर तो भरायचा आणि तपासणी जिल्हा रुग्णालयात होते. पुष्कळांना वाटतं लष्करी बोर्डाची टक्केवारी आहे, मग परत कशाला? लष्करी बोर्ड पेन्शनसाठी बघतं, जिल्ह्याचं बोर्ड २०१६ च्या दिव्यांग कायद्यासाठी बघतं, आणि पुढं खेळात तुमची वर्गवारी करणारे तिसरेच लोक फक्त खेळासाठी बघतात. तिघांचे आकडे आणि अक्षरं वेगळी येणार, त्यावरून भांडत बसू नका. इथल्या कार्यालयांत अर्ज कन्नडमधून दिला तर काम लवकर होतं. मी शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतो आणि खाली मराठीत सही करतो.

फेकायची खुर्ची

आमच्या वर्गाला, म्हणजे पॅरा खेळातल्या बसून फेकणाऱ्यांच्या एफ-५७ ला, चाकाच्या खुर्चीतून नाही तर जमिनीला घट्ट बांधलेल्या लोखंडी खुर्चीतून फेकायचं असतं. ती विकत शोधत बसू नका. उद्यमबागेत फाउंड्री आणि वर्कशॉप इतके आहेत की चांगला वेल्डर दोन दिवसांत ती बनवून देतो, पण माप तुम्ही द्यायचं.

गादीसकट बैठकीची उंची ७५ सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये. मी ती थोडी कमीच ठेवायला सांगतो, कारण मैदानावरचा मोजणारा टेप लावून बघतो आणि नवीन गादी फुगलेली असते. बैठक इतकी लांब हवी की गुडघ्याच्या मागच्या बाजूपासून बुडापर्यंत मांडी पूर्ण टेकेल. फेकताना बूड उचललं की फाउल, हा आपल्या प्रकारातला मुख्य नियम आहे. पुढं एक उभा दांडा, डाव्या हातानं धरायला (उजव्यानं फेकत असाल तर). तो सरळ आणि ताठ हवा, लवचीक किंवा स्प्रिंगचा चालत नाही. पाय ठेवायला पट्टी चालते. हलणारा, फिरणारा, घडी होणारा भाग एकही नको.

माझ्या वेल्डरनं मायेनं खाली चार चाकं लावून दिली होती, मला ओढत न्यायला सोपं पडावं म्हणून. कापावी लागली. त्याला वाईट वाटलं, म्हणून पुढच्या खेपेला त्यालाच मैदानावर नेलं आणि फेक दाखवली. आता कुणाचंही काम आलं की तो आधी विचारतो, फेकणारा डावरा की उजवा?

दांड्याची जागा वेल्डिंगच्या आधी ठरवा. बैठकीच्या उंचीच्या पाटावर बसा, वेल्डरला हातात पाइप धरून पुढं उभं करा आणि डावा हात खांद्याच्या उंचीवर जवळपास सरळ होईल तिथं खडूनं खूण करून घ्या. मग गोळा मानेजवळ धरून अंग उजवीकडं वळवा आणि पुढं फेकायची नुसती हालचाल करा. कोपर फार वाकलं तर दांडा जवळ आहे, खांदा ताणला तर लांब आहे. पाच-सहा वेळा खूण सरकवा, घाई करू नका. या दांड्याला ओढूनच सगळी ताकद येते. पाय नाहीत, म्हणजे जमिनीची ताकद डाव्या हातातून आणि मांड्यांवरच्या पट्ट्यांतून घ्यायची.

गावात सरावाच्या जागी चार कोपऱ्यांवर खड्डे काढून काँक्रीटमध्ये लोखंडी कड्या बसवा. नुसत्या खुंट्या उन्हाळ्यात टिकतात, पण जूनच्या पहिल्या पावसात आपली तांबडी माती मऊ झाली की उपटून येतात. खुर्ची कड्यांना आवळायला ट्रकवाले वापरतात ते रॅचेटचे पट्टे घ्या. बसण्याआधी दोघांनी खुर्ची हलवून बघायची. खुर्ची हलली की फेक वाया जाते आणि पाठही दुखावते.

सराव

एफ-५७ च्या पुरुषांचा गोळा ४ किलोचा. फाउंड्रीत ओतून घेतला तरी वजन काट्यावर बघा आणि व्यास ९५ ते ११० मिलिमीटरमध्ये ठेवा. तीन गोळे असतील तर आणून देणाऱ्याचा जीव वाचतो. फेकायच्या बाजूला बांध किंवा मोकळं शेत हवं, आणि तिकडून पोरं-ढोरं जाणार नाहीत याची खात्री. पीक काढून झालेलं असलं की संध्याकाळी सोयीचं पडतं.

आठवड्यातून तीन दिवस फेक, दोन दिवस ताकद. कुबड्या आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्याचे खांदे आधीच दिवसभर राबतात, त्यामुळं पुढच्या छातीपेक्षा पाठीमागच्या स्नायूंकडं लक्ष द्या. जुनी सायकलची ट्यूब खांबाला बांधून मागं ओढायचा व्यायाम घरबसल्या होतो. आपल्याकडं गावोगाव तालीम आहे, तिथल्या वस्तादांना जाऊन भेटा. ते पॅरा खेळातले नसतील, पण अंग वळवून ताकद कशी काढायची हे कुस्तीवाल्यांइतकं कुणाला कळतं? आमच्या वस्तादांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “काय करालास रे, नुसत्या हातानं फेकालास? कंबर कुठं हाय?” त्या एका वाक्यानं माझी फेक बदलली.

सुरुवातीला फार फेकू नका. पहिले काही आठवडे दांडा न धरता, हलक्या वजनानं, नुसतं बसून तोल सांभाळायला शिका. रात्री गेलेला पाय दुखेल, पंजा पिळवटल्यासारखं होईल. सगळ्यांनाच होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टरांना सांगा, त्यावर औषधं आहेत, आरशाचा व्यायाम आहे. कँटीनच्या कोट्याची बाटली हे त्यावरचं औषध नाही. माझ्या ओळखीतली दोन चांगली पोरं तिथंच अडकली, म्हणून हे खुलं लिहितोय. कोटा घेऊच नका, किंवा कार्ड बायकोकडं द्या.

वर्गवारी आणि स्पर्धा

पाय गुडघ्याखाली गेलेला आणि नकली पाय घालून उभ्यानं खेळणारा एफ-६४, गुडघ्याच्या वरून गेलेला एफ-६३. बसून फेकायचं असेल तर एफ-५७ चा मार्ग आहे. कण्याच्या जखमींचे वर्ग वेगळे, किती स्नायू काम करतात त्यावर. हे तुम्ही ठरवायचं नसतं. वर्गवारी करणारे आधी वैद्यकीय कागद बघतात, मग हातांनी स्नायू तपासतात, मग फेकायला लावतात आणि स्पर्धेतही लक्ष ठेवतात. त्या दिवशी फाइल सोबत हवी. बोर्डाचे कागद, एक्स-रे, शस्त्रक्रियेचा तपशील. पाहिलंत, पेन्शनसाठी जोडलेली तीच फाइल इथं लागते.

नोंदणी ज्या राज्यात रहिवास आहे तिथल्या पॅरा क्रीडा संघटनेकडून. आपण मराठी बोलतो, कोल्हापूर-पुण्याला सराव करतो, पण आधार कर्नाटकाचं असेल तर संघ कर्नाटकाचा. मनाला लागतं कुणाकुणाच्या, मी समजू शकतो. मला विचाराल तर बनियनवर काय लिहिलंय यापेक्षा राष्ट्रीय स्पर्धेत नाव लागणं मोठं. अजून सेवेत असाल तर राज्याच्या मागं लागू नका, खडकीच्या आर्मी पॅरालिम्पिक नोडसाठी, म्हणजे लष्कराच्या पॅरा खेळाडूंच्या केंद्रासाठी, युनिटमार्फत अर्ज करा. तिथं प्रशिक्षक, आहार, सगळं लष्कराचं.

दुसऱ्याची फाइल

स्वतःचं मार्गी लागलं की दुसऱ्याच्या घरी जा. आपल्यातलाच कुणी आला की पोरगा बोलतो. नातेवाईक आले की गप्प बसतो.

पहिल्या भेटीत फाइल मागू नका, पदकंही सांगू नका. नकली पाय काढून शेजारी ठेवा आणि चहा प्या. तो बघतो, मग विचारतो. दुसऱ्या भेटीला त्याच्या आईसमोर कागद काढायला सांगा, कारण बहुतेक घरांत कागद आईच्या पेटीत असतात. पीपीओवरची तारीख, वर्ग आणि टक्केवारी एका वहीत लिहा. अपिलाची मुदत मोजून तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करा. पत्र नेहमी स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती त्याच पत्राच्या झेरॉक्सला टाचा. तोंडी आश्वासन कुणीही दिलं, कितीही मोठ्या साहेबांनी दिलं, तरी घरी येऊन तारखेसह वहीत नोंदवा.

तिसऱ्या भेटीला टेप घेऊन जा. बैठकीची उंची, मांडीची लांबी, खांद्यापासून मनगटापर्यंतचं अंतर मोजा आणि तो कागद वेल्डरकडं द्या. त्याचं पहिलं अपील टपालात पडेल त्याच आठवड्यात त्याची खुर्ची तयार झाली पाहिजे.